नॉक झालेल्याला कोण उठवतं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी मी माझ्या मामेभावाचा गेमिंग क्लॅन, म्हणजे मोबाइलवर एकत्र खेळणाऱ्यांचा गट, निवडला, तेव्हा पहिला प्रश्न मामीनं विचारला. "त्यात अभ्यास करण्यासारखं काय हाय गं? रात्रभर मोबाइलवर नुसती बोंबलत असत्यात." प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. मला एवढंच दिसलं होतं की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मामाच्या घरी, वरच्या खोलीत, रात्री दहानंतर तीन-चार पोरं फोन घेऊन बसतात. कानात इअरफोन, पलीकडे गडहिंग्लज, इचलकरंजी, चिंचवड कुठकुठले आवाज. त्यातला एक एकवीस वर्षांचा पोरगा तिशीतल्या माणसाला सांगतो, "तू मागं थांब, पुढं येऊ नको," आणि तो माणूस थांबतो. नात्याचा नाही, गल्लीतला नाही, कधी भेटलेलासुद्धा नाही. तरी थांबतो. का थांबतो, हे मला शोधायचं होतं.

ही पोरं खेळतात तो बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका सामन्यात 100 जण विमानातून एका बेटावर उतरतात, बहुतेक वेळा चार-चारांच्या स्क्वॉडनं. घराघरांत शिरून बंदुका, हेल्मेट, औषधं गोळा करायची. त्याला लूट म्हणतात. निळं वर्तुळ आवळत येतं, त्याला झोन म्हणतात, त्याच्या आत राहायचं, आणि शेवटी जो स्क्वॉड उरेल तो जिंकला. गोळी लागून माणूस पडला तरी लगेच मरत नाही. तो नॉक होतो, म्हणजे गुडघ्यावर रांगायला लागतो, आणि त्याचं रक्त हळूहळू संपत जातं. तेवढ्यात सोबत्यानं शेजारी बसून त्याला रिवाइव्ह दिला तर तो पुन्हा उठतो. त्याला साधारण 10 सेकंद लागतात. त्या 10 सेकंदांत उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही. दोघंही उघड्यावर. माझा सगळा प्रबंध शेवटी या 10 सेकंदांभोवती आला, पण ते कळायला मला दोन महिने लागले.

जून 2024 मध्ये मी सुरुवात केली. आधी मला वाटलं होतं, मामेभावाच्या फोनवरून गुपचूप ऐकत बसावं. आपण आहोत हे कळलं की माणसं बदलतात, असं मी मार्गदर्शक मॅडमना म्हणाले. त्या म्हणाल्या, "बदलू देत. तू थांब. कंटाळली की पहिल्यासारखी वागतील. पण न सांगता ऐकणं म्हणजे दाराला कान लावणं, ते आपण करायचं नाही." मग एका रात्री लीडरनं सगळ्यांना लॉबीत, म्हणजे सामन्याआधी सगळे जमतात त्या खेळातल्या जागेत, बोलावलं आणि मी सांगितलं: मी विद्यापीठात शिकते, तुमच्या गटाचा अभ्यास करणार आहे, आवाज रेकॉर्ड करणार नाही, फक्त वहीत लिहीन, खरं नाव कुणाचंच घालणार नाही, कुणाला नको असेल तर त्याच्याबद्दल एक ओळ लिहिणार नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी विचारलं, "ताई, शिव्या पण लिहालीस काय?"

पुढचे पंधरा दिवस मला काही मिळालं नाही. सगळे एकमेकांना अहो-जाहो करत होते. एकानं क्लॅन सोडला, त्याचं मला वाईट वाटलं. त्याची जागा होती ती. मॅडमचं म्हणणं मात्र खरं ठरलं. माणूस दमून घरी आला की त्याला सभ्यपणा फार दिवस पेलत नाही. मी स्वतः रोज दोन सामने खेळायला लागले, कारण "डावीकडं ड्रॉप पडलाय, रश करूया काय" (वरून सामानाची पेटी पडलीय, धावून हल्ला करूया काय) हे वाक्य पूर्ण कळल्याशिवाय ते कोण कुणाला विचारतंय यातला अर्थ कळत नव्हता.

वहीत प्रत्येकाला मी एक अक्षर दिलं. ल म्हणजे लीडर, उद्यमनगरात लेथवर काम करणारा टर्नर. म इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, क्लॅनमध्ये सगळ्यांत जास्त किल, म्हणजे मारलेले शत्रू, त्याचे. ग गडहिंग्लजकडचा. प चिंचवडला नोकरी करणारा. असे चाळीसेक जण, त्यातले रोजचे पंधरा.

त्या पंधरांची मांडणी कशी करायची म्हणून मी आधी पुस्तकातली फूटपट्टी लावून बघितली. रिचर्ड बार्टल हे इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातले. 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी तिथं अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या अक्षरांवर चालणारा संगणकी खेळ सुरू केला, आणि बार्टल यांनी तो पुढं नेला. 1996 मध्ये बार्टल यांनी खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. चौकट म्हणजे जिंकून साठवणारे. इस्पिक म्हणजे खेळाचं जग खणून बघणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. किलवर म्हणजे दुसऱ्याला बडवण्यात सुख मानणारे. मी वहीत चार रकाने आखून सगळ्यांना वाटून टाकलं. म किलवर. प चौकट, कारण त्याला पॉइंट आणि रँकचं वेड. बदामात सहा-सात जण. मांडणी सुरेख दिसत होती आणि तिनं मला काहीच सांगितलं नाही. एकेका माणसाचा स्वभाव तिच्यात सापडतो, पण दोन माणसांमध्ये काय चाललंय ते सापडत नाही. आणि ल कुठल्याच रकान्यात बसेना. त्याचा नेम साधारण, रँक साधारण, बोलणं कमी.

मग मी रकाने सोडून नुसतं ऐकायला लागले.

पहिली गोष्ट कानावर आली ती काळाची. क्लॅनमधली जुनी मंडळी वर्षं सांगत नाहीत, बॅन सांगतात. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारनं 118 अ‍ॅप बंद केली, त्यात पबजी मोबाइल गेलं. 2 जुलै 2021 ला तोच खेळ भारतापुरता बीजीएमआय होऊन आला. जुलै 2022 मध्ये तो पुन्हा स्टोअरवरून काढला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. त्यामुळे "ह्यो पहिल्या बॅनच्या आधीचा" हे आमच्या क्लॅनमध्ये वडीलपणाचं वाक्य आहे. जुना डेटा नव्या खेळात आणता आला होता, तरी तो किती जणांनी आणला याच्याशी मान जोडलेला नाही. मान याचा, की दहा महिने खेळ बंद होता तेव्हाही कोण रंकाळ्याच्या कट्ट्यावर येऊन बसत होतं. खेळ नसताना जे एकमेकांना भेटत राहिले ते खरे जुने. हे कुणी नियम म्हणून केलेलं नाही, पण नवीन पोरगा जुन्याला उलट बोलला की चारी बाजूंनी "आरं, थांब की" ऐकू येतं.

दुसरी गोष्ट फोनची, आणि ही मला टोचली. खेळ फुकट आहे, पण तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. कुणाचा फोन 90 एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला 90 चित्रांच्या वेगानं, लोण्यासारखा चालतो, कुणाचा समोर शत्रू आला की गोठतो. आयपॅडवर खेळणाऱ्याला आजूबाजूचं जास्त दिसतं. शिवाय यूसी, म्हणजे पैसे भरून घ्यायचं खेळातलं नाणं. त्यातून कपडे आणि बंदुकीच्या स्किन, म्हणजे बाहेरची सजावट. एम416 बंदुकीची ग्लेशियर स्किन ज्याच्याकडे आहे तो लॉबीत उभा राहिला की नवी पोरं गप्प बघतात. ग कडे यातलं काही नव्हतं. भावाचा जुना फोन, मागं रबर लावून धरलेला. तो रोज असायचा आणि रोज कुणीतरी त्याला स्क्वॉडमध्ये घ्यायचं. मी वहीत लिहिलं: "ग ला दया म्हणून घेतात." ते वाक्य लक्षात ठेवा.

कोल्हापुरातला गट समजून घ्यायचा तर तालमी वगळून चालत नाही. आमच्याकडे पेठेची तालीम म्हणजे फक्त लाल माती नाही. गणपती, रक्तदान आणि फुटबॉलचा संघसुद्धा तिचाच. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. क्लॅनमध्ये मंगळवार पेठेतले होते, शिवाजी पेठेतले होते, आणि त्यांच्या संघांचा सामना झाला त्या रात्री लॉबीत स्क्वॉड आपोआप पेठेप्रमाणे पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळले. मला यातलं नवल वेगळंच वाटलं. आपल्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय? कुणाचा तू?" खेळात आयडी असतो, आडनाव नसतं. दोन-दोन वर्षं एकमेकांचा जीव वाचवणाऱ्यांना एकमेकांचं आडनाव माहीत नव्हतं. पण मी प्रत्येकाला विचारलं, क्लॅनमधल्या किती जणांच्या घरी जेवलास? तिथं आकडा एकदम खाली आला. इरावती कर्वे वारीला पायी गेल्या तेव्हा त्यांना दिंडीत हेच दिसलं होतं: भजन एकत्र, पंगत वेगळी. त्यांनी ते दुःखानं लिहिलंय. मीही लॉबीतल्या त्या मोकळेपणावर भाळून गेले होते. त्या जेवणाच्या प्रश्नानंतर मी प्रकरणाचं शीर्षक बदललं.

जुलैच्या शेवटी पाऊस आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर गेलं की धोका, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की रात्री झोप लागत नाही. त्या आठवड्यात सगळे दहाला लॉबीत यायचे, पण सामना कुणी सुरू करायचं नाही. पात्रं नुसती उभी, शस्त्रं पाठीला, आणि आवाज येतोय, "बेचाळीस झालं काय रं?" चिखलीचा एक जण जनावरं हलवत होता, त्याचा माइक मधेच सुरू व्हायचा, मधेच बंद. ल त्याला तासा-तासाला एकच विचारायचा: "किती राहिली?" म्हशी किती राहिल्या, म्हणजे. मी खोलीत वही घेऊन बसले होते आणि एक ओळ लिहिली नाही. तिसऱ्या रात्री कुणीतरी म्हणालं, "ताई, तुमच्याकडं पाणी न्हाय न्हवं आलं?" तेव्हापासून मला कुणी अहो म्हणालं नाही.

त्यानंतर मी रिवाइव्हचा रकाना सुरू केला. कोण नॉक झालं, कोण धावलं, कोण धावलं नाही, कोण म्हणालं "सोड त्याला". रोज. महिन्याभरानं वहीचं पान बघून मी थक्क झाले. म नॉक झाला की त्याला उठवायला दोघं-दोघं धावत. साहजिक, तो जिवंत राहिला तर सामना जिंकता येतो. म मात्र क्वचितच दुसऱ्यासाठी मागं फिरायचा. ल चं उलट. तो फोन गोठणाऱ्यासाठीही मागं यायचा, आणि त्यात कितीदा तरी मरायचा. स्वतः नॉक झाला की म्हणायचा, "मला सोडा, झोन बंद होतोय, पळा." आणि कुणी पळायचं नाही. म सुद्धा. गोळ्या सुरू असताना, वर्तुळ अंगावर येत असताना, तो किलवरचा राजा ल जवळ गुडघे टेकून बसायचा. हे मी तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

आता स बद्दल. तिच्याशी ठरलंय तसं मी गाव लिहीत नाही आणि अक्षरही प्रबंधातलं नाही.

स माइक कधी लावत नसे, चॅटमध्ये लिहायची. "आलो", "थांबतो", "जेवून येतो, मग बसू." प तिला भाई म्हणायचा. कोल्हापूरच्या बाईला यात काही विशेष वाटायचं नाही. आम्ही बायका इथं सर्रास "मी गेलो, मी आलो" म्हणतो. घरात मीही तशीच बोलते. लिहिताना तेवढी "गेले" होते. पण चिंचवडच्या माणसाला "आलो" म्हणजे पुरुषच. म्हणजे तिनं एकही खोटा शब्द न लिहिता, आपल्या रोजच्या बोलीत बोलून, दोन वर्षं काढली होती. बोलीच तिचा पडदा झाली होती. ऑगस्टमध्ये तिनं मला वेगळा मेसेज केला: "ताई, मी मुलगी हाय. वहीत मुलगा म्हणून लिहिला असशील तर चुकीचं होईल म्हणून सांगितलो." त्या "सांगितलो"वर मी किती वेळ बघत बसले.

मी विचारलं, कुणाला माहीत आहे? म्हणाली, कुणालाच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. पण सप्टेंबरमध्ये ल ची मुलाखत घेताना, उद्यमनगरात त्याच्या कारखान्याबाहेर चहा पिताना, मी त्याला विचारलं की लीडरला सगळ्यांत अवघड काय जातं. तो बराच वेळ कपाकडे बघत होता. मग म्हणाला, "एकदा एकाचा माइक चुकून चालू राहिलता. मागनं आईचा आवाज आला. अगं, धारा काढायच्या राहिल्यात, म्हणून. नुसतं अगं ऐकलं आन् मला कळालं. बाकीचे गोळीबारात होते, पण दोघंतिघं तरी ऐकले असते. मी लगेच ओरडलो, माझं नेट गेलं, म्याच सोडा, सगळे भाईर पडा. म्याच हरलो. म लई चिडला." मी विचारलं, मग त्या मुलीला सांगितलंस का, की तुला माहीत आहे? "कशाला? तिनं सांगितलंय काय मला?"

हे मी त्याच्या परवानगीनं आणि मग स च्या परवानगीनं लिहितेय. तिला मी त्याचं बोलणं सांगितलं तेव्हा तिनं नुसतं लिहिलं, "तरीच त्या दिवशी नेट गेलतं." माइक ती अजून लावत नाही. लावायची गरज काय, असं तिचं म्हणणं आहे, आणि मला ते बरोबर वाटतं.

नोव्हेंबरमध्ये कच्चा मसुदा झाला. मॅडम म्हणाल्या, ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्यांना वाचून दाखव. एका रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर आठ जण जमले. ग गडहिंग्लजहून एसटीनं आला. भेळ आणली, मी वाचायला लागले. स ची पानं मी आधीच वगळली होती. म बद्दलचं वाचलं, तो मान खाली घालून ऐकत राहिला, काही म्हणाला नाही. जेवणाच्या आकड्यावर सगळे गप्प झाले. मग ते वाक्य आलं, "ग ला दया म्हणून घेतात," आणि ग उठून उभा राहिला.

"दया न्हाय ताई."

मी थांबले.

"माझा फोन लढाय येत न्हाय, खरं हाय. पण मला मॅप पाठ हाय. गाडी कुठं घावती, झोन कुठं सरकंल, डोंगराच्या कुठल्या अंगानं वर चढायचं. मी सांगतो आन् ही पोरं जात्यात. इचार तूच."

मी म कडे बघितलं. तो म्हणाला, "व्हय. हा नसला की आम्ही झोनच्या भाईर मरतो." इतकं साधं. सगळ्यांना माहीत होतं, फक्त माझ्या वहीला माहीत नव्हतं. माझ्याकडे किलचा रकाना होता, रिवाइव्हचा होता, फोन कुठला याचाही होता. कोण सांगतं आणि कुणाचं ऐकलं जातं, याचा नव्हता. मी स्वस्त फोन बघितला आणि त्या माणसाची किंमत त्यावरून ठरवली. जे मी क्लॅनमधल्या ग्लेशियरवाल्यांबद्दल नाराजीनं लिहिलं होतं, तेच मी केलं होतं.

मी ग ची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी नको, बदल तेवढं."

बोललेलं मी शब्दशः उतरवून ठेवलं होतं, त्यामुळे पुन्हा मोजता येणार होतं. त्या रात्री वरच्या खोलीत पोरं खेळत होती आणि मी जूनपासूनच्या वह्या घेऊन बसले. लाल पेन घेतलं. "डावीकडनं जा", "गाडी सोडा, चालत जावा", "आता न्हाय, पुढच्या झोनला" अशी एकेक ओळ शोधत, ती कुणाची ते समासात लिहीत गेले. पहिल्या वहीच्या चौथ्या पानावर, मी क्लॅनमध्ये आल्याच्या दुसऱ्याच रात्री, ग चं अक्षर सहा वेळा आलं.